लांब पल्ल्याचा आरमारी हल्ला: तेल कुठून येतं आणि पत्ता लागत कसा नाही?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या ठाण्याच्या वाचकगटात 4 डिसेंबरला, नौदल दिनानिमित्त, तासाभराची मांडणी करायची आहे. विषय घेतला आहे पर्ल हार्बर आणि कराची. एक हल्ला हजारो मैलांवरचा (1941, जपानचा हवाईतल्या अमेरिकन तळावर), दुसरा आपल्या दारातला (1971, भारतीय नौदलाचा). बाँब किती पडले, जहाजं किती बुडाली हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात मला वेळ घालवायचा नाही. मला हवं आहे ते हल्ल्याच्या आधीचं.

1. जपानची सहा विमानवाहू जहाजं आणि त्यांचा लवाजमा साडेतीन हजार सागरी मैल गेला आणि परत आला. तेलाचं काय केलं? गटातले एक सदस्य म्हणतात, एवढ्या मोठ्या जहाजांच्या टाक्या एकदा भरल्या की पुरतात. मला ते पटत नाही, पण आकड्यांत सांगता येत नाही.

2. «वायरलेस बंद ठेवला» असं एका वाक्यात सगळीकडे लिहिलेलं असतं. तीसएक जहाजांनी बारा दिवस एकमेकांशी बोलायचं तरी कसं? आणि अमेरिकन तर जपानी संदेश वाचत होते ना?

3. मुंबई ते कराची अंतर जेमतेम 480 सागरी मैल. मग 1971 मध्ये मिसाईल बोटी ओढून नेण्याचा विचार कशासाठी? स्वतःच्या इंजिनावर का जाऊ नये?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. नकाशा आणि फळा दोन्ही आहेत, आकडे चालतील.

---

नेरूळ_इंजिनरूम

पहिला प्रश्न घेतो, कारण बाकीचे दोन्ही त्यातूनच निघतात.

फळ्यावर सगळ्यात आधी एक नियम लिहा. जहाजाचा वेग वाढवला की लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर दर तासाचं तेल आठपट आणि दर मैलाचं चौपट. त्यामुळे «जहाजाचा पल्ला किती» या प्रश्नाला वेग सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

जपानच्या कागेरो वर्गाची विनाशिका घ्या, या मोहिमेत ती होती. तेल सुमारे 620 टन, पल्ला 18 नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) 5,000 सागरी मैल. म्हणजे साधारण 278 तास, तासाला सव्वादोन टन. हीच विनाशिका 30 नॉटला पळवली की तासाला दहा टनांच्या वर जाते, टाकी 60 तासांत संपते आणि पल्ला उरतो 1,800 मैल. हे शुद्ध गणित झालं. प्रत्यक्षात लाटा, वारा, तळावर चिकटलेलं शेवाळ आणि बॉयलरची कार्यक्षमता मिळून तो आणखी घटतो.

आता मोहीम बघा. कुरील बेटांपैकी एतोरोफूच्या हितोकाप्पू उपसागरातून 26 नोव्हेंबर 1941 ला निघाले. जायचं अंतर सुमारे 3,500 सागरी मैल, मुंबई ते एडन दोनदा जाण्याहूनही थोडं जास्त. तेवढंच परत. शिवाय शेवटचा टप्पा 24 नॉटने, विमानं उडवताना वाऱ्यात तोंड करून पूर्ण वेग, आणि पाठलाग झालाच तर पळायला हाताशी काही. विनाशिकेला हे एका टाकीत शक्यच नाही. नऊ विनाशिका आणि आबुकुमा ही हलकी क्रूझर यांना वाटेत तेल पाजावंच लागणार होतं. मोठ्यांमध्ये कागा, शोकाकू, झुइकाकू, दोन्ही बॅटलशिप आणि तोने, चिकुमा या क्रूझर यांचा पल्ला पुरेसा होता. अकागी, सोर्यू आणि हिर्यू यांचा भरवशाचा नव्हता. तुमच्या सदस्यांना सांगा, सहापैकी तीन विमानवाहू जहाजांनाच «एकदा भरली की झालं» हे लागू नव्हतं.

म्हणून सात टँकर सोबत घेतले. साधे मालवाहू टँकर नव्हेत. सुमारे दहा हजार टनांचे आणि त्या काळाच्या मानाने वेगवान, युद्धात उपयोगी पडावेत म्हणून नौदलाच्या मदतीने बांधून घेतलेले. टँकर मंद असला तर सगळा तांडा त्याच्या चालीने चालतो आणि समुद्रावरचे दिवस वाढतात, म्हणजे दिसण्याची शक्यताही वाढते.

तेल देण्याच्या पद्धती दोन. एक मागून: पुढच्या जहाजाच्या शेपटीकडून दोर आणि होज (तेलाची नळी) सोडायचा, मागच्याने तो उचलून जोडायचा. हळू काम, पण टक्कर होण्याची भीती कमी. दुसरी बाजूने: दोन जहाजं 30–40 मीटर अंतर ठेवून समांतर चालतात. हे वेगात होतं, पण दोन बुडांच्या मधलं पाणी जोरात वाहतं, मध्यभागी दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरच्या माणसाने एकदोन अंशांत धरून ठेवायचं असतं, तेही तासन्‌तास.

काय बिघडतं ते ऐका. उत्तर पॅसिफिकचा डिसेंबर. लाटेवर एक जहाज चढतं, दुसरं उतरतं, दोर ताणला जाऊन तुटतो आणि तुटलेला दोर डेकवर चाबकासारखा फिरतो. या प्रवासात माणसं अशीच समुद्रात फेकली गेली. दुसरं, बॉयलरचं जड तेल थंडीत घट्ट होतं. टँकरच्या टाक्यांत वाफेच्या नळ्या फिरवून ते गरम ठेवावं लागतं, नाहीतर पंप ओढत नाही. होजमध्ये तेल थांबून राहिलं तर तिथेच गार होऊन अडतं, म्हणून काम संपलं की हवेने होज मोकळा करतात. तिसरं, 42 अंश उत्तरेला त्या दिवसांत उजेड नऊ-सव्वानऊ तास. होजमधून तासाला 100 टन धरले तर 200 टनांना दोन तास, त्यात जोडायचा-सोडायचा वेळ मिळवा. हवामानाने अर्धा दिवस खाल्ला की यादीतली जहाजं उद्यावर. म्हणून टाकी तळाला जाईपर्यंत थांबायचं नसतं, जमेल त्या दिवशी वरपर्यंत भरायचं. उद्या टँकर हरवला, बुडाला किंवा वादळात जोडताच आला नाही, तरी आज टाकीत घरापर्यंतचं तेल हवं.

हल्ल्याच्या आदल्या दिवशी शेवटचं तेल देऊन टँकर मागे सोडले आणि तांडा दक्षिणेला वळून 24 नॉटने निघाला. विमानं उडाली ती पर्ल हार्बर ज्यावर आहे त्या ओआहू बेटाच्या उत्तरेला सुमारे 230 सागरी मैलांवरून.

---

कळवा_वायरलेस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

आधी हे समजून घ्या की संदेश वाचता आला नाही तरी तो कुठून आला हे कळतं. दोन ठिकाणच्या दिशाशोधक केंद्रांनी एकाच प्रक्षेपणाची दिशा घेतली की नकाशावर दोन रेघा छेदतात. 2,000 मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे 35 मैल. हल्ला नेमका कुठे होणार हे यातून कळणार नाही, पण «विमानवाहू जहाजं उत्तर पॅसिफिकच्या मध्यावर आहेत» एवढं कळलं तरी खेळ संपला. त्यामुळे सांकेतिक लिपी कितीही भक्कम असली तरी बटण दाबणंच धोक्याचं. जपान्यांनी प्रक्षेपकांच्या कळा काढून किंवा सील करून ठेवल्या, म्हणजे सवयीनेही कोणाचा हात जाऊ नये.

पण मुकं होणं आणि बहिरं होणं यात फरक आहे. तांडा फक्त ऐकत होता. तोक्यो ठरलेल्या वेळी प्रक्षेपण करत असे, पोच मागत नसे. अशा पद्धतीत तोच संदेश पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वारंवारितांवर सोडतात आणि संदेशांना क्रमांक देतात. 14 नंतर 16 आला की ऐकणाऱ्याला कळतं, 15 राहिला, पुढच्या वेळी पकडायचा. 2 डिसेंबरचा «नीताका पर्वत चढा, 1208» हा संदेश असाच आला. नीताका हा तैवानमधला डोंगर, तेव्हाच्या जपानी साम्राज्यातला सर्वांत उंच. अर्थ आधीच ठरलेला: 8 डिसेंबरला, जपानच्या तारखेने, हल्ला करा. कोणी लिपी फोडली असती तरी हातात डोंगराचं नावच आलं असतं.

जहाजा-जहाजांमधलं बोलणं दिवसा झेंड्यांनी आणि रात्री झाकलेल्या, एकाच दिशेला दिसणाऱ्या दिव्यांनी. धुक्यात हेही चालत नाही. तेव्हा आधी वाटलेलं वेळापत्रक हाच आधार: अमुक वाजता अमुक दिशेला वळायचं, चुकामूक झाली तर सकाळी अमुक अक्षांश-रेखांशावर यायचं. लेखी आदेश जाड असतात ते यामुळेच. वायरलेसवर जे विचारता येणार नाही ते सगळं कागदावर आधी लिहून द्यावं लागतं.

आता खरी हुशारी. एखादा तांडा एकदम गप्प झाला तर ती शांतताच बातमी ठरते. वायरलेस ऑपरेटरची मोर्स ठोकायची लकब ऐकणाऱ्याला ओळखू येते, अक्षरावरून माणूस ओळखावा तशी. म्हणून या जहाजांचे नेहमीचे काही ऑपरेटर जपानमध्येच ठेवले आणि तिथून खोटी वर्दळ चालू ठेवली. जपानच्या क्यूशू बेटावरची विमानं नेहमीसारखी सराव करत राहिली. शिवाय 1 नोव्हेंबरला सगळ्या कॉल साइन (जहाजांच्या वायरलेसवरच्या ओळखखुणा) बदलल्या आणि 1 डिसेंबरला पुन्हा. एका महिन्यात दोनदा बदल होणं नेहमीचं नव्हतं, हवाईतल्या अमेरिकन गुप्तवार्ता विभागाला ते खटकलंही. पण विमानवाहू जहाजं कुठे आहेत हे कळेना. 2 डिसेंबरला लेटन या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने अमेरिकन पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल किमेल यांना सरळ सांगितलं की विमानवाहू जहाजांच्या दोन डिव्हिजन सापडत नाहीत. त्या वर्षी आधीही ती अशी गप्प झाली होती आणि तेव्हा मायदेशाच्या पाण्यात असल्याचा निष्कर्ष निघाला होता. या वेळीही तोच काढला.

«अमेरिकन वाचत होते ना» याचं उत्तर: ते जपानचे परराष्ट्र खात्याचे संदेश वाचत होते. नौदलाची मुख्य लिपी तेव्हा त्यांना वाचता येत नव्हती. आणि जपानने वॉशिंग्टनमधल्या आपल्या राजदूतांना हल्ल्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. जो माणूस कट जाणत नाही त्याची पत्रं कितीही वाचली तरी कट सापडणार नाही. माझ्या मते गुप्ततेतली सर्वांत भक्कम भिंत हीच होती, वायरलेस त्यानंतर.

---

ऐरोलीकर

दोघांचेही आभार. नेरूळचे काका, एक शंका. अकागी, सोर्यू, हिर्यूचा पल्ला भरवशाचा नव्हता आणि वादळात टँकर जोडता येईल याची खात्री नव्हती, तर मग निघालेच कशाच्या भरवशावर? आणि मुळात उत्तरेचीच वाट का? सोपी वाट सोडून वादळात शिरायचं कारण काय?

---

नेरूळ_इंजिनरूम

ड्रमच्या भरवशावर. या जहाजांत मोकळ्या दिसतील त्या जागी तेलाचे ड्रम आणि डबे रचले. नौदलाच्या नियमात हे बसत नव्हतं आणि नियम योग्यच होता. 200 लिटरच्या ड्रममध्ये सुमारे 190 किलो तेल मावतं, हजार ड्रम म्हणजे 190 टन. एवढं वजन टाकीत, तळाशी असतं तेव्हा जहाज स्थिर राहतं. तेच वरच्या डेकवर रचलं की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज डोललं की सावकाश परत येतं. त्यात गळती, तेलाची वाफ आणि आगीची भीती. म्हणून प्रवासाच्या सुरुवातीला ड्रममधलं तेल हातपंपाने टाकीत ओतत जायचं, टाकीतली पातळी टिकवायची आणि डेक लवकर मोकळा करायचा. हे काम माणसांच्या पाठीवर होतं, रात्रंदिवस.

आणि ऐरोलीकर, एक बारीक गोष्ट नक्की सांगा: रिकामे ड्रम आणि कचरा समुद्रात टाकायला बंदी होती. तरंगता ड्रम म्हणजे «इथून कोणीतरी गेलं» अशी चिठ्ठी.

उत्तरेच्या वाटेचं कारणही तेलाशी जोडलेलं आहे. तीन वाटा विचारात होत्या. दक्षिणेकडून मार्शल बेटांच्या बाजूने आणि मधून समुद्र शांत, तेल देणं सोपं, पण तिथे व्यापारी जहाजांची ये-जा आणि अमेरिकन गस्ती विमानं. उत्तरेला थंडीत व्यापारी जहाज जवळजवळ फिरकत नाही, पण तिथे होज जोडणं कठीण. म्हणजे जिथे तेल देणं सोपं तिथे दिसण्याचा धोका, जिथे दिसत नाही तिथे तेल देता येईल की नाही याचा धोका. त्यांनी दुसरा पत्करला. आधी पडताळूनही पाहिलं: ऑक्टोबरच्या शेवटी तायो मारू हे प्रवासी जहाज याच वाटेने होनोलुलूला पाठवलं, त्यात नौदलाचे अधिकारी वेष बदलून होते. हवा, लाटा, विमानं, जहाजं, सगळ्याची नोंद केली. उत्तरेच्या टप्प्यात एकही जहाज दिसलं नाही.

मध्येच कोणी पाहिलं असतं तर? ठरलेलं होतं की हल्ल्याच्या दोन दिवस आधीपर्यंत दिसलो तर परत फिरायचं.

---

घोडबंदर_रोड

तिसरा प्रश्न माझ्याकडे. आपल्याकडे या विषयावर भावनेने खूप लिहिलं जातं आणि गणित कोणी मांडत नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

रशियाकडून घेतलेल्या ओसा वर्गाच्या मिसाईल बोटी. लांबी साडेअडतीस मीटरच्या आसपास, वजन दोनशे टनांच्या घरात, तीन शाफ्ट (पाण्यातले पंखे फिरवणारे दांडे), प्रत्येकावर बेचाळीस सिलिंडरचं 4,000 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. चार स्टिक्स क्षेपणास्त्रं, पल्ला सुमारे 40 किलोमीटर. वेग जबरदस्त, पण 30 नॉटला पल्ला सुमारे 800 सागरी मैल आणि 35 नॉटला 500 च्या आसपास. मुंबई-कराची 480. जाऊन-येऊन 960. म्हणजे मुंबईहून सरळ पळत गेली तर येताना तेल नाही. नेरूळच्या काकांनी घनाचा नियम सांगितलाच आहे.

दुसरं कारण इंजिनाचं आयुष्य. अशी हलकी, वेगाने फिरणारी इंजिनं ओव्हरहॉलपर्यंत फार तास चालत नाहीत. ते तास लक्ष्यापर्यंत पोचण्यात जाळले तर नेमक्या रात्री इंजिन दगा देणार. तिसरं, बोटीचा आकार. ती किनाऱ्याच्या संरक्षणासाठी बनवली आहे. खळाळत्या समुद्रात माणसं दमतात, गोडं पाणी आणि स्वयंपाकाची सोय तुटपुंजी. ओढून नेलं तर इंजिन वाचतं, तेल वाचतं आणि हल्ल्याला भरलेली टाकी मिळते.

ओढण्याचा अनुभव आधीच मिळाला होता. 1971 च्या सुरुवातीला या बोटी मालवाहू जहाजांवरून आल्या तेव्हा सुमारे 180 टनांचं ओझं एकसंध उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि पूर्व किनाऱ्यावरून वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या.

ओढण्यात काय बिघडतं? दोर बोटीच्या नाकाडावर जिथे वळतो तिथे घासून झिजतो. तिथे चामडं, कॅनव्हास किंवा साखळी घालावी लागते आणि दर पहाऱ्याला बघावं लागतं. दोर आखूड ठेवला तर प्रत्येक लाटेला हिसका बसतो. लांब सोडला की मध्ये झोळ पडतो आणि तो झोळ हिसका शोषून घेतो. बोट एका बाजूला ओढ घेत जाते, म्हणून सुकाणूवर माणूस हवाच. पंखे पाण्याने फिरत राहतात, शाफ्टच्या बेअरिंगना तेल मिळत राहील हे पाहावं लागतं, नाहीतर शाफ्ट जखडून ठेवावा लागतो.

आता 4 डिसेंबर. निर्घात, निपात आणि वीर या तीन बोटी, सोबत किल्तन आणि कच्छल ही पाणबुडीविरोधी जहाजं आणि पोषक हा टँकर. मोठ्या जहाजांचं काम नुसतं संरक्षणाचं नव्हतं. संपर्काची आणि टेहळणीची साधनं त्यांच्याकडे जास्त होती. दिवसा हा गट कराचीच्या दक्षिणेला सुमारे 250 सागरी मैलांवर, पाकिस्तानी विमानांच्या टेहळणीबाहेर थांबला. अंधार पडल्यावर आत शिरला, कारण पाकिस्तानी हवाईदलाकडे रात्री जहाजं शोधून मारायची सोय नव्हती. डिसेंबरात तिकडे रात्र तेरा तासांहून मोठी. पावणेअकराच्या सुमाराला निर्घातची क्षेपणास्त्रं खैबर या विनाशिकेवर गेली. म्हणजे परत पळायला रात्रीचा मोठा भाग शिल्लक होता. कराचीचं वेळापत्रक सूर्याने आखलं होतं, हे फळ्यावर नक्की मांडा.

गुप्ततेचे दोन मुद्दे. खैबरला शेवटपर्यंत वाटलं की हल्ला विमानातून झाला आणि तिने तसाच संदेश पाठवला. मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका इतक्या झटपट बुडाली की तिला संदेश पाठवताच आला नाही. दुसरा, बोटींवरच्या लोकांचं प्रशिक्षण रशियात झालेलं असल्याने आपसातलं बोलणं रशियनमध्ये ठेवलं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्टिक्स क्षेपणास्त्राला जहाजाची ओळख पटत नाही. त्याचं रडार मोठ्या प्रतिध्वनीकडे जातं. कराचीजवळ 75 मैलांच्या आत सूर्यास्तानंतर व्यापारी जहाजांनी येऊ नये असा हुकूम खुद्द पाकिस्ताननेच काढलेला होता. त्यामुळे रात्री रडारवर जो ठिपका दिसेल तो युद्धनौकेचा मानायला आधार मिळाला. तरीही व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज सापडलंच. ते दारूगोळा घेऊन येत होतं.

परतताना बोटींना तेल देणं आणि सगळ्यांनी ठरल्या जागी भेटणं हा हल्ल्याइतकाच अवघड भाग होता. पाकिस्तानने नंतर गुजरातच्या ओखा बंदरावर बाँब टाकले, तिथला तेलसाठा जळला, पण बोटी आधीच हलवलेल्या होत्या. 8 डिसेंबरच्या रात्री दुसरा हल्ला झाला तो तलवार आणि त्रिशूल या युद्धनौकांसोबत एकट्या विनाश या बोटीने. चारच क्षेपणास्त्रं, त्यातलं एक कराचीतल्या केमारीच्या तेलटाक्यांवर.

---

वाशी_ग्रंथप्रेमी

सर्वांनी उत्तम लिहिलं आहे. मी उलटी बाजू देतो: पुरवठ्यानेच गुपित फोडलं अशी उदाहरणं. मांडणीत ही ठेवलीत तर नियम स्पष्ट होईल.

एम्डेन ही जर्मन क्रूझर, 22 सप्टेंबर 1914 ला मद्रासवर तोफा डागणारी. चार धुराड्यांच्या ब्रिटिश क्रूझरसारखं दिसावं म्हणून तिने कॅनव्हासचं चौथं धुराडं उभं केलं होतं. कोळसा ती पकडलेल्या जहाजांतून घेई. 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांवरचं तारायंत्र केंद्र तोडायला गेली तेव्हा कोळशाचं ब्युरेस्क हे जहाज बोलावण्यासाठी तिने वायरलेस वापरला. तो बेटावर ऐकू गेला, केंद्राने अनोळखी जहाज आल्याचा संदेश सोडला आणि जवळून जाणारी सिडनी ही ऑस्ट्रेलियन क्रूझर धावून आली. महिनोन्‌महिने न सापडलेलं जहाज कोळशासाठी दिलेल्या हाकेने सापडलं.

बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका, मे 1941. नॉर्वेत थांबूनही टाक्या पूर्ण भरून घेतल्या नाहीत. प्रिन्स ऑफ वेल्स या ब्रिटिश युद्धनौकेच्या तोफगोळ्याने पुढच्या टाक्यांतलं सुमारे 1,000 टन तेल हाताबाहेर गेलं आणि मग वेग कमी करून फ्रान्सचा रस्ता धरावा लागला. त्यात 25 मेला बिस्मार्कवरच्या ॲडमिरल ल्यूत्येन्स यांनी लांबलचक संदेश पाठवले. ब्रिटिशांचा माग तेव्हा सुटलेला होता, हे त्यांना जहाजावर कळलं नव्हतं. त्या संदेशांवरून दिशा घेतल्या गेल्या. ब्रिटिश मुख्य जहाजावर त्या नकाशावर मांडताना चूक झाली, म्हणून काही तास वाचले, एवढंच. पुढच्या महिन्यात ब्रिटिशांनी अटलांटिकमधली जर्मन पुरवठा जहाजं एकामागून एक गाठली आणि मोठ्या जर्मन जहाजांचं तिथलं लांब फिरणंच थांबलं.

जर्मनांच्या तेल देणाऱ्या पाणबुड्याही पाहा. चौदाव्या प्रकारच्या दहा बांधल्या, दहाही बुडाल्या. एका पाणबुडीला समुद्रात भेटायचं तर दिवस, वेळ आणि जागा वायरलेसवर ठरवावी लागे आणि दोस्त राष्ट्रांना ते संदेश वाचता येऊ लागले होते. एक बुडवली की तिच्या भरवशावर असलेल्या बाकीच्यांना घरी परतावं लागे.

शेवटी जपानचंच एक. मार्च 1942 मध्ये त्यांच्या दोन मोठ्या उडत्या बोटींनी मार्शल बेटांवरून निघून फ्रेंच फ्रिगेट शोल्स या निर्मनुष्य प्रवाळबेटाजवळ पाणबुड्यांकडून तेल घेतलं आणि ओआहूवर बाँब टाकले. नुकसान नगण्य. पण अमेरिकनांना ती जागा कळली. मे महिन्यात, मिडवेच्या लढाईच्या आधी, पर्ल हार्बरची टेहळणी याच पद्धतीने करायची होती, तर पाणबुडीला तिथे अमेरिकन जहाजं नांगरलेली दिसली. टेहळणी रद्द झाली. अमेरिकन विमानवाहू जहाजं बंदर सोडून निघाली आहेत हे जपानला कळलंच नाही.

---

कळवा_वायरलेस

वाशीकरांच्या यादीतली जर्मन पाणबुड्यांची गोष्ट महत्त्वाची आहे. भेटीची जागा निघण्याआधी ठरवता आली तर वायरलेस लागत नाही. पर्ल हार्बरच्या तांड्याचे टँकर परतीच्या भेटीला कुठे येणार हे आधीच लिहून दिलेलं होतं. महिनोन्‌महिने फिरणाऱ्या पाणबुडीला ते शक्य नव्हतं, म्हणून तिला बोलावं लागलं. एकाच फेरीचा हल्ला लपवता येतो, कायमची मोहीम लपवणं फार अवघड, ते या फरकामुळे.

---

ऐरोलीकर

आता चित्र डोळ्यांसमोर आलं. शेवटचं विचारतो: बंदरातली गुप्तता कशी राखली? हजारो खलाशी, शेकडो पुरवठादार, सामान चढवणारे कामगार. कोणीतरी बोलणारच.

---

घोडबंदर_रोड

बोलायला काही माहीतच नसेल अशी व्यवस्था केली. बहुतेक खलाशांना हितोकाप्पू सोडेपर्यंत लक्ष्य माहीत नव्हतं. जहाजं एकत्र निघाली नाहीत, वेगवेगळ्या बंदरांतून सुटी सुटी गेली. हितोकाप्पूची निवडच अशी की तिथे कोळ्यांच्या थोड्या वस्तीशिवाय काही नाही. टपाल आणि तारेचा संपर्क तोडला.

सामानाची यादी हा सगळ्यात मोठा चुगलखोर. लोकरीचे कपडे मागवले की कोणीही ओळखेल, उत्तरेला निघालेत. म्हणून थंडीचे कपडे घेतले तसेच उष्ण कटिबंधाचेही घेतले. कागा तर सासेबो बंदरात मागे थांबली, कारण पर्ल हार्बरच्या जेमतेम 12 मीटर पाण्यात खोल न बुडणारे, लाकडी पंख जोडलेले टॉर्पेडो अखेरच्या दिवसांपर्यंत तयार होत होते. ते घेऊन ती सगळ्यांच्या शेवटी हितोकाप्पूला पोचली. तोक्योत सुट्टीवरचे नौसैनिक रस्त्यांवर दिसत राहावेत म्हणून योकोसुकाच्या बराकींतले लोक शहरात सोडले. आणि तात्सुता मारू हे प्रवासी जहाज 2 डिसेंबरला अमेरिकेकडे रवाना केलं. युद्ध तोंडावर असताना कोण स्वतःचं प्रवासी जहाज शत्रूच्या बंदरात पाठवेल? ते 8 तारखेला वाटेतून परत फिरलं.

---

नेरूळ_इंजिनरूम

मांडणीसाठी एक सूचना. पॅसिफिकचा नकाशा लावा आणि ओआहू, मिडवे आणि अलास्काकडचं डच हार्बर या तीन ठिकाणांभोवती 600 सागरी मैलांची वर्तुळं काढा, गस्ती विमानाचा ढोबळ पल्ला म्हणून. मग हितोकाप्पूपासून 42–43 अंश उत्तरेच्या रेषेने दोरा ताणा आणि शेवटी दक्षिणेला वळवा. दोरा मिडवे आणि डच हार्बरच्या वर्तुळांच्या मधल्या पट्टीतून जाताना दिसेल. ओआहूच्या वर्तुळात तो शिरतो त्या जागी टाचणी लावा. 24 नॉटने त्या टाचणीपासून 230 मैलांच्या जागेपर्यंत 370 मैल, म्हणजे साधारण साडेपंधरा तास. विमानं सकाळी सहाला उडाली. उलटं मोजलं की वर्तुळात शिरायची वेळ आदल्या दुपारी अडीचच्या आसपास येते. त्यानंतर उजेड उरतो तीन तासांचा. टँकर नेमके त्याआधी का सोडले, हा प्रश्न गटालाच विचारा आणि उत्तर त्यांना शोधू द्या.